दत्तक पुत्राची पाच काडतुसं

"नोकरीचं राहू द्या हो. पंच्याऐंशी ग्रेन म्हणजे किती ग्रॅम, ते सांगा."

नानासाहेब टिपणिसांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या घरी मुलगी बघायला आलो होतो आणि माझ्या तोंडात पोहे होते. मुलगी बघायला आलेल्या माणसाला लोक गोत्र विचारतात, पत्रिका विचारतात, फारच चौकस असले तर चष्म्याचा नंबर विचारतात. ग्रेन कोणी विचारत नाही. पण मी पडलो फार्मासिस्ट. पुण्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुड्या बांधायच्या आणि मिश्रणं ढवळायची, हे माझं काम. असलं गणित मला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं.

"साडेपाच ग्रॅम," मी घास गिळून म्हणालो. "आणि वर आठ मिलिग्रॅम."

नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "कुंदे, बाहेर ये! हा चालेल!"

"नाना, त्यांना पोहे तरी संपवू द्या," असं म्हणत मुलगी बाहेर आली. उंच, सावळी, अंगावर साधं हिरवं पातळ, हातात चहाचा ट्रे, आणि दोन्ही हातांची बोटं काळीकुट्ट. ती लाजली नाही की हसली नाही. "साखर किती?" एवढंच तिनं विचारलं.

"कितीही," मी म्हणालो.

याआधी मी आठ मुली पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकीलाही मी साखरेच्या बाबतीत मोकळीक दिली नव्हती. मी मोजून-मापून जगणारा, चिडका माणूस. पण त्या क्षणी मला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही. मला ही मुलगी हवी होती. आईला काय सांगायचं, पत्रिका जुळते की नाही, सगळं गेलं खड्ड्यात.

या गोष्टीला आता पंचावन्न वर्षं होऊन गेली. दसऱ्याचा दिवस होता. माझ्याबरोबर मामा यायचे होते, पण वाटेत एका एसटी स्टँडवरची भजी त्यांना बाधली आणि ते तिथूनच परत फिरले. त्यामुळे आनंदगडला मी एकटाच पोचलो. मामा असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले.

आनंदगड हे पूर्वीचं संस्थान. राजेसाहेब गेले, संस्थान विलीन झालं, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची त्यांची नेमबाजीची चुरस काही गेली नाही. नानासाहेब एके काळी संस्थानच्या शस्त्रागाराचे कारभारी. त्यांनी मला चहाच्या दोन कपांत सगळे नियम ऐकवले. बंदूक एकबारी हवी, म्हणजे एक काडतूस घाला, उडवा, मग दुसरं घाला. दारू जुन्या पद्धतीची, काळी, भरपूर धूर करणारी. शंभर पावलांवर लाकडी फळी आणि पाच बार. फळीवरची पाच भोकं जितकी जवळजवळ तितकं चांगलं, आणि ते मोजायला राजेसाहेबांनी पत्र्याच्या चार चकत्या करून ठेवलेल्या. राजेसाहेब खाण्याचे शौकीन. चकत्यांची नावं भाकरी, पोळी, पुरी आणि बत्तासा. पाचही भोकं ज्या चकतीखाली झाकली जातील ते तुमचं माप. बत्ताशाखाली आजवर कोणाचीच पाच भोकं मावली नव्हती.

"आणि सगळ्यात मोठा नियम," नानासाहेब म्हणाले, "काडतूस विकतचं नको. घरच्या माणसानं हातानं भरलेलं हवं."

"मग तुम्ही भरता?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "बंदूक हातात आली की हा कंप कुठं जातो, देव जाणे. पण काडतूस भरायला घेतलं की निम्मी दारू सतरंजीवर. सहा वर्षं झाली, कुंदाच भरते. गेल्या वर्षी जिंकलो. राजेसाहेबांची ढाल घरी आणायची, तेवढ्यात त्या दौलतराव सरनोबतानं फाटे फोडले. म्हणे, मुलगी आज ना उद्या परक्या घरी जायची, ती घरचं माणूस कशी? पंचांनी माना डोलावल्या. मी बाद! ढाल त्याच्याकडे. आणि तो तिच्यात काय ठेवतो, माहीत आहे?"

"काय?"

"भाजलेल्या शेंगा! दिवाणखान्यात ढाल उलटी ठेवून शेंगा खातो मेला. टरफलंसुद्धा तिच्यातच!"

नानासाहेबांचा आवाज खरोखरच भरून आला होता. मला त्या ढालीचं काही देणंघेणं नव्हतं, पण माणसाचं दुःख बघवेना.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"जावई व्हा. म्हणजे घरचे झालात. आज पाच काडतुसं भरा, उद्या मी उडवतो."

"होतो," मी म्हणालो. मग जरा भान आलं. "पण त्यांना विचारलंत का?"

"कोणाला?"

"त्यांना." मी कुंदाकडे बघितलं.

"कुंदे, तुझं काय म्हणणं?"

"आधी भरता येतात का बघू," कुंदा म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुपारी जेवण झाल्यावर मागच्या पडवीत सतरंजी पसरली. मध्ये एक पाट, पाटावर सोनाराचा काटा, काडतुसांच्या पितळेच्या जाड पुंगळ्या, शिशाच्या गोळ्या, काळ्या दारूचा डबा आणि एक हातभर लांब पितळी नळी. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली, त्यामुळे काट्यापासून नळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. एका टोपलीत लग्नपत्रिकांचा ढीग होता.

"या कशाला?" मी विचारलं.

"दारू आणि गोळी यांच्यात पुठ्ठ्याची चकती लागते. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चांगला." कुंदानं एक पत्रिका घेतली, तिच्यावर लोखंडी ठसा ठेवून हातोडीनं ठोकला. वधूच्या नावासकट एक गोल चकती बाहेर पडली. "गावातली सगळी लग्नं शेवटी इथंच येतात. देशपांड्यांच्या थोरलीची पत्रिका जरा पातळ निघाली."

मी हसलो. ती हसली नाही, पण डोळ्यांत काहीतरी हललं असं मला वाटलं. वाटायला काय लागतं म्हणा.

काट्यावर मी पंच्याऐंशी ग्रेन दारू तोलली ती इतकी बिनचूक की तिनं दोनदा तपासली. तिथवर माझी कॉलर ताठ होती. मग मी ती दारू नळीतून भसकन ओतली.

"ओतायची नाही," ती म्हणाली. "सोडायची. चिमटीनं, हळूहळू. म्हणजे दाणे एकमेकांशेजारी नीट बसतात. मध्ये पोकळी राहिली की बार दगा देतो. बघा."

तिनं नळी पुंगळीवर धरली आणि दारू सोडली. किती वेळ लागला कोण जाणे. काळे दाणे बारीक आवाज करत खाली उतरत होते आणि ती श्वास रोखून बसली होती. मग चकती, मग मेण-तुपाचा एक पातळ थर, मग कागदात गुंडाळलेली गोळी. कुठं घाई नाही, कुठं एक दाणा सांडला नाही. मी अकरा वर्षं पुड्या बांधत होतो, पण इतकं स्वच्छ काम माझ्या हातून झालेलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"हे नानांना सांगा," ती म्हणाली.

"त्यांना माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण गेल्या वर्षी पंचांची बैठक इथंच झाली, आमच्या ओसरीवर. मी आत चहा करत होते. दौलतकाका म्हणाले, मुलगी घरची नव्हे. सगळे हो म्हणाले." ती ठसा पुसत राहिली. "नाना गप्प बसले. एक शब्द बोलले नाहीत. दहा कप चहा मी बाहेर नेऊन दिला, आणि ज्यांनी मला परकी ठरवलं त्यांनी तो भुरके मारत प्यायला. मला पहिल्यांदा असं झालं की बशी फेकून मारावी."

"मारली का नाहीत?"

"कपबशा आईच्या होत्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मी असतो तर गप्प बसलो नसतो." ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात." आणि उठून आत गेली, कारण चुलीवर बिरडं होतं. जाताना बजावून गेली की आता तुमची तुम्ही पाच भरा.

आता इथं मी जो घोळ घातला तो कोणत्याही शहाण्या माणसानं घातला नसता. तो फक्त दवाखान्यातला माणूसच घालू शकतो. मी पुंगळ्या उजेडात धरून आत बघितलं. आत काजळी! गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची, कोण जाणे कधीची. आमच्याकडे बाटली धुतल्याशिवाय आत औषध भरायचं नाही हा दंडक. अंगावर शहारे आले माझ्या. बंबात गरम पाणी होतं. मी पाचही पुंगळ्या खसाखसा धुतल्या, टॉवेलच्या टोकानं आतून पुसल्या, चकचकीत केल्या, तळाला ठिणगीच्या टोप्या बसवल्या आणि तिच्या पद्धतीनं, चिमटीचिमटीनं, तास-दीड तास खपून पाच काडतुसं भरली. ओळीत मांडली. इतका अभिमान मला परीक्षा पास झालो तेव्हाही वाटला नव्हता.

कुंदा बाहेर आली. तिनं काडतुसं पाहिली, काळा झालेला ओला टॉवेल पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"कशी आहेत?" मी विचारलं.

"दिसायला छान आहेत," ती म्हणाली आणि पाचही उचलून डब्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर निम्मं गाव लोटलेलं. एका बाजूला बायकांसाठी कनात, दुसऱ्या बाजूला पंचांचं टेबल, टेबलावर ती ढाल. दौलतराव सरनोबत शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. भरदार मिशा, गोड बोलणं. ढालीत खरंच शेंगा होत्या. मलाही त्यांनी दोन देऊ केल्या.

वहीची जबाबदारी पोतनीस मास्तरांकडे. हे शाळेत संस्कृत शिकवायचे आणि गेली वीस वर्षं चुरशीची नोंद ठेवायचे. त्यांनी टाक बुडवला. "टिपणीस. काडतूस भरणार?"

"श्रीरंग दिघे," नानासाहेब छाती काढून म्हणाले. "आमचे जावई."

"अरे वा!" दौलतराव म्हणाले. "लग्न कधी झालं? आम्हाला पत्रिका नाही आली."

"व्हायचंय."

"मग हे आज कोण?"

"होणारे जावई."

"होणारे म्हणजे न झालेले," दौलतराव म्हणाले. "आणि झालेले असते तरी काय? जावई तर पाहुणा, नाना. त्याला आपण पाटावर बसवून वाढतो. कामाला लावतो का? मास्तर, नियम वाचा."

मास्तरांनी वाचला. घरचा माणूस म्हणजे मुलगा, भाऊ, पुतण्या किंवा नातू. जावयाचं नाव कुठं नव्हतं.

नानासाहेब आधी लाल झाले, मग पांढरे झाले. त्यांना ना भाऊ, ना पुतण्या. मला वाटलं आता इथंच कोसळतात. पण संस्थानी माणूस तो. संस्थानी माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते.

"मग मुलगा करतो," ते गरजले. "दत्तक घेतो याला! इथं, आत्ता, तुम्हा सगळ्यांसमोर!"

"दत्तक द्यायला आईबाप लागतात, नाना," दौलतराव शेंग फोडत म्हणाले. "कुठं आहेत?"

"वडील नाहीत. आई पुण्याला," मी म्हणालो.

"झालं तर मग."

पण पोतनीस मास्तरांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. वीस वर्षं वही लिहिताना त्यांच्या विद्वत्तेला कोणी विचारलं नव्हतं. "तसं नव्हे," ते म्हणाले. "शास्त्रात स्वयंदत्त पुत्र सांगितलेला आहे. म्हणजे जो स्वतःच स्वतःला देतो तो. त्याला आईबाप लागत नाहीत."

"ऐकलंत?" नानासाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी मांडी थोपटली. "श्रीरंगराव, बसा."

"कुठं?"

"मांडीवर! मांडीवर घेतल्याशिवाय दत्तक होतो का?"

मी कनातीकडे बघितलं. कुंदा पुढे येऊन उभी होती आणि जोरजोरानं मान हलवत होती. नको, नको, नको. आता कुठल्याही माणसाला यातून काहीतरी कळलं असतं. पण मला वाटलं, बिचारी संकोचली. आपला होणारा नवरा एवढ्या लोकांत मांडीवर बसणार, लाज वाटणारच. मी तिला हातानंच धीर दिला, सगळं ठीक होईल असा, आणि अठ्ठावीस वर्षांचा, सहासष्ट किलो वजनाचा मी नानासाहेबांच्या मांडीवर जाऊन बसलो.

खुर्ची करकरली. नानासाहेबांच्या तोंडून "आई गं" निघालं. त्यांच्या गुडघ्यांची हाडं मला टोचत होती आणि त्यांचा कंप माझ्या अंगात उतरून मीही हलत होतो. मास्तरांनी काहीतरी खणखणीत म्हटलं, कोणीतरी माझ्या तोंडात साखर कोंबली, आणि बार उडवण्याआधी वाजवायला आणलेल्या बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लग्नातली धून सुरू केली. मैदानावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बंदुकीवर हात ठेवून शपथ घेतली की पाचही काडतुसं मीच भरली आहेत. ती माझ्या समजुतीप्रमाणे अगदी खरी होती.

आधी दौलतरावांनी पाच बार काढले. पुरी. लोक वाहवा म्हणाले.

मग नानासाहेब वाळूच्या पिशवीमागे पालथे झाले. बंदूक हातात आली आणि खरंच, कंप थांबला. धडाड! पांढऱ्या धुराचा एवढा लोट उठला की नानासाहेब, फळी, पंच सगळे दिसेनासे झाले. धूर विरायला मिनिटभर लागलं. धडाड! दुसरा. मी बोटं मोडत उभा. माझी काडतुसं! माझ्या हातची! धडाड! तिसरा. तेवढ्यात दौलतराव शेजारी येऊन उभे राहिले.

"छान भरली आहेत हो," ते प्रेमानं म्हणाले. "आता बहिणीचंही बघायला लागा."

"कोणाच्या?"

"तुमच्या. कुंदाच्या. थोरला भाऊ म्हणून जबाबदारी तुमचीच ना?"

धडाड! चौथा बार झाला. तो मला ऐकू आलाच नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी धुरात इकडेतिकडे बघत राहिलो. ही मुलगी हवी म्हणून मी मांडीवर बसलो, आणि बसून उठलो तो तिचा सख्खा भाऊ होऊन! बोंबला! पाचवा बार कधी झाला तेही कळलं नाही.

फळी आणली. मास्तरांनी पुरी ठेवली, ती मोठी झाली. मग त्यांनी बत्तासा ठेवला. पाचही भोकं झाकली गेली. मैदानावर असा काही गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले. राजेसाहेबांच्या वेळेपासून जे कोणाला जमलं नव्हतं ते झालं होतं. दौलतरावांनी शेंगा खिशात ओतल्या आणि ढाल नानासाहेबांच्या हातात दिली. नानासाहेबांनी ती लहान मुलासारखी छातीशी धरली.

"नाना," मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "मी आता कुंदाचा भाऊ झालो."

"हो की," ते अजून ढालीकडेच बघत होते. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "अरेच्चा! हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"दत्तक मोडा."

"मोडायला काय," दौलतरावांनी मागून उत्तर दिलं. त्यांचा कान तिखट होता. "पण मग भरणारा घरचा नव्हता असं होईल. ढाल ठेवून जा. किंवा मुलगा ठेवा."

नानासाहेबांनी ढालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. "श्रीरंग," ते पहिल्यांदाच मला अरेतुरे करत म्हणाले, "पुण्यात बरी मुलं असतील ना रे? तुझ्या दवाखान्यात कोणी? तूच बघ एखादं हिच्यासाठी."

मला इतका संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. कुंदाला आता मी रक्षाबंधनाला भेटायचं! काहीतरी भयंकर बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कनातीकडून आवाज आला.

"ती काडतुसं यांनी भरलेली नाहीत."

कुंदा टेबलाशी येऊन उभी राहिली. तिनं पिशवीतून डबा काढला, उघडला आणि मास्तरांच्या वहीशेजारी पाच काडतुसं ओळीनं मांडली. माझी. मी ओळखली, कारण एवढी चकचकीत काडतुसं आनंदगडात दुसऱ्या कोणाची नव्हती.

"यांनी भरलेली ही," ती म्हणाली. "नानांनी उडवली ती माझी. पाचही."

"हे कशावरून?" दौलतराव म्हणाले.

"उडवून बघा."

दौलतरावांनी स्वतः बंदूक घेतली, माझं काडतूस घातलं, नेम धरला. फुस्स! नळीच्या तोंडाशी चिमूटभर धूर निघाला, आणि गोळी दहा-बारा पावलांवर गवतात टपकन पडली. एका कुत्र्यानं जाऊन ती हुंगली. मग जे काही हसू उसळलं ते मी अजून विसरलो नाही. बँडवालेसुद्धा पोट धरून हसत होते.

"पुंगळ्या धुतल्या होत्या ना?" कुंदानं मला हळूच विचारलं.

"गरम पाण्यानं," मी म्हणालो.

"आणि ओल्याच भरल्यात."

"ठीक आहे," दौलतरावांनी बंदूक खाली ठेवली. आता ते हसत नव्हते. "मुलीनं भरली म्हणजे टिपणीस बाद. नाना, ढाल द्या."

नानासाहेबांनी ढालीला चिकटलेलं शेंगेचं एक टरफल बोटानं झटकलं. मग त्यांनी ढाल टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस घरी जाऊन अंथरूण धरणार. पण ते हलले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "वही उघडा. लिहा."

"बाद म्हणूनच लिहितो आहे, नानासाहेब."

"बाद लिहा. खुशाल लिहा. पण त्याच्या आधी लिहा, पाच बार, बत्तासा. काडतूस भरणार, कुंदा नारायण टिपणीस."

"अहो, पण बाद असलेल्याचं माप लिहीत नाहीत..."

"लिहा म्हणतो ना!" नानासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "सहा वर्षं पोरगी माझ्यासाठी राबते आहे. गेल्या वर्षी माझ्याच ओसरीवर बसून तुम्ही तिला परकी म्हणालात, आणि मी तोंड शिवून बसलो. लाज वाटली मला, बापाला मुलीचे हात लागतात याची. मूर्ख होतो मी! या मैदानावर आजवर कोणाच्या बापालाही बत्तासा जमला नाही, तो माझ्या पोरीनं करून दाखवला. ढाल घेऊन जा, शेंगा खा, भजी तळा तिच्यात. पण हे लिहिल्याशिवाय इथून एकही माणूस हलणार नाही."

मास्तरांनी टाक बुडवला. "नातं?" त्यांनी विचारलं.

"मुलगी," नानासाहेब म्हणाले. "माझ्या घरची."

टाकाचा कर्रकर्र आवाज ऐकू येत होता. कुंदा ताठ उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला गेली तर काळ्या बोटांनी सगळा गाल काळा झाला.

घरी परतताना नानासाहेब आमच्या पुढे चालले होते. रिकाम्या हातानं, आणि वाटेत भेटेल त्याला अडवून बत्तासा सांगत. मी आणि कुंदा मागून. मी आनंदानं तरंगत होतो. ढालीवर पाणी सोडलं हिनं, भर मैदानात, माझ्यासाठी!

"तुम्ही माझ्यासाठी केवढं केलंत," मी म्हणालो.

ती थबकली. "तुमच्यासाठी?"

"म्हणजे, मी भाऊ होऊ नये म्हणून..."

"छे हो," ती म्हणाली. "माझी पाच मी अष्टमीलाच भरून ठेवली होती. नाना जिंकले की चारचौघांत सांगायचं, हे वर्षभर ठरलेलं होतं. तुम्ही आला नसतात, दुसरा कोणी आला असता, तरी सांगितलंच असतं." तिनं माझ्याकडे बघितलं. "वाईट वाटलं?"

"हो," मी म्हणालो. खरंच वाटलं होतं.

"मान हलवून नको म्हणत होते मी. तरी जाऊन बसलात."

"मला वाटलं, लाजताय."

त्यावर ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि रस्त्यात उभं राहून, पोट धरून. नानासाहेब वळून बघायला लागले.

"मग आता मी कोण?" मी विचारलं. "तेवढं तरी सांगा."

"भाऊ नाही, एवढं नक्की," कुंदा डोळे पुसत म्हणाली. "बाकीचं जेवल्यावर सांगते."

त्या दिवशी मी जेवढ्या घाईनं जेवलो, तेवढ्या घाईनं आयुष्यात कधी जेवलो नाही.